खिळ्यावर राहिलेला बिल्ला

मी गुडघ्याचा पट्टा बोलतोय. औषधांच्या दुकानात काउंटरमागे खोक्यांची चळत असते ना, त्यातलाच एक. मध्ये गुडघ्याच्या वाटीसाठी गोल भोक, दोन्ही बाजूंना पोलादी पात्या आणि वर-खाली वेल्क्रो. रूप यथातथाच आहे. पण माणसं तोंडाने काहीही सांगोत, गुडघा काय म्हणतो ते मला कळतं.

जन्म एका कारखान्यात झाला. कापलं, शिवलं, खोक्यात कोंबलं, की झालं आमचं बारसं. मला विकत घेतलं ते ताईने. ती लाँड्रीत इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभं राहून लोकांचे शर्ट कडक करायचे आणि सुट्टी मिळाली की डोंगर पळत चढायचा, हे तिचं वेड. धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही म्हणतो. हा भाऊ फरशी बसवायचा. त्याचं सगळं काम गुडघ्यांवर बसून. डोंगरही त्यानेच तिला शिकवला होता.

शर्यतीला महिना उरला होता. सरावात उतरताना ताईचा पाय मुरगळला आणि गुडघा भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरांनी पळणं बंद केलं आणि मला बांधायला सांगितलं. सूज उतरली, दुखणं काही गेलं नाही. ते फक्त तिला ठाऊक होतं आणि मला.

"या वर्षी राहू दे ना," नवरा म्हणाला. "डोंगर कुठे पळून जातोय?"

"बरा झालाय म्हटलं ना! हे बघ." असं म्हणून तिने त्याच्यासमोर उठाबशा काढल्या. चेहरा हसरा होता. माझ्या आत गुडघा नुसता ठणकत होता. मला तोंड असतं तर मी तेव्हाच बोंब ठोकली असती.

त्यांच्या शर्यतीची एक रीत आहे. पायथ्याशी एक फळा असतो, त्यावर खिळे. निघताना प्रत्येकाने आपल्या नंबरचा बिल्ला खिळ्याला अडकवायचा आणि खाली आल्यावर आपल्याच हाताने काढायचा. शर्यत पुरी केली असो की अर्ध्यातून परत आलेला असो. बिल्ला खिळ्यावर आहे म्हणजे माणूस डोंगरावर आहे. त्या दिवशी फळ्यापाशी भाऊच बसला होता. ताईने आपली पिशवी, फोनसकट, त्याच्याकडे दिली.

"गुडघा?" त्याने विचारलं.

"एकदम ठणठणीत!"

हवा सकाळपासूनच बिघडली होती. चढ सुरू झाला तसं धुकं उतरलं, मग वारा सुटला आणि पाऊस आडवा मारू लागला. मी भिजून जड झालो आणि घसरू लागलो. अर्ध्या चढावर, ओल्या दगडावरून पाय टाकताना गुडघा आतल्या आत सरकला. ताई मटकन खाली बसली. मागून येणाऱ्याने विचारलं, "बरी आहेस ना?" तर म्हणते कशी, "हो हो, बुटाची नाडी बांधतेय!"

तो धुक्यात दिसेनासा झाला आणि ताई रडली. दुखत होतंच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. फळ्यापाशी जायचं म्हणजे सगळ्यांसमोर लंगडत जायचं. भाऊ बघणार, नवऱ्याला कळणार. डोंगराच्या मागच्या अंगाने एक पायवाट थेट तिच्या वस्तीत उतरते. धरत, बसत, घसरत ती त्या वाटेने उतरली. कुंडीखालची किल्ली काढून घरात शिरली, मला नळावर वाळत टाकलं आणि गरम पाण्यात पाय सोडून बसली. बिल्ल्याची तिला आठवणच झाली नाही.

संध्याकाळ होत आली तेव्हा नवरा धावत घरात आला, टॉर्च न्यायला. न्हाणीच्या दारात तिला पाहिलं आणि भिंतीला टेकून खालीच बसला.

"तू इथे?" तो म्हणाला. "अगं, सगळे तुला वर शोधताहेत. तुझा भाऊ तर कुणाचं न ऐकता एकटाच पुढे गेलाय."

ताईने मला ओलंच चढवलं. पायथ्याशी पोचलो तेव्हा भावाला स्ट्रेचरवरून खाली आणत होते. दरडीखाली ताई पडली असेल म्हणून तो वाकून बघायला गेला आणि पाय निसटला. उजवा गुडघा पार वाकडा झाला होता. मी पट्टा आहे, मला बघताक्षणी कळलं.

ताई त्याच्यावर कोसळलीच. त्याने डोळे उघडले, तिच्याकडे नीट पाहून घेतलं.

"आधी बिल्ला काढ, ताई," तो म्हणाला. "माणसं अजून वर आहेत."

ती लंगडत फळ्यापाशी गेली. भिजलेला बिल्ला खिळ्यातून सुटता सुटेना. तो सुटला तेव्हा कुणीतरी शिट्टी वाजवली आणि वरचे टॉर्च एकेक करून खाली वळले.

भावाचं ऑपरेशन झालं. चालता येतंय, गुडघ्यावर मात्र बसता येत नाही. फरशीची हत्यारं कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून आहेत. डॉक्टरांनी आता साधा पट्टा चालेल म्हटलं, तेव्हा ताई नवा आणायला निघाली होती. "नवा कशाला?" तो म्हणाला. "तुझा आहे की." तो सहज बोलला असेल. ताईला ते किती लागलं, ते तिच्या बोटांतून मला कळलं.

तेव्हापासून मी त्याच्या गुडघ्यावर आहे. त्याचा पाय जाड, त्यामुळे माझी शिवण एका बाजूने उसवली आहे. रोज सकाळी लाँड्रीत जाण्याआधी ताई येते, जमिनीवर बसते आणि स्वतः मला बांधते. बसताना तिचा गुडघा अजून कुरकुरतो. परवा त्याने तो आवाज ऐकला.

"दुखतंय?"

ताईने हातातला वेल्क्रो सोडला. मग म्हणाली, "हो रे. खूप दुखतंय."

त्याने हात देऊन तिला खुर्चीवर बसवलं आणि पुढचा वेल्क्रो स्वतःच लावून घेतला.

मी फार दिवस टिकेन असं वाटत नाही. जाण्याआधी एवढंच सांगतो. दुखरा गुडघा घेऊन डोंगरावर जाऊ नका, आणि गेलातच तर खुशाल अर्ध्यातून परत फिरा. फक्त फळ्यापाशी या, लंगडत आलात तरी चालेल. तिथे कुणीतरी तुमच्या बिल्ल्याकडे बघत बसलेलं असतं.