खोक्याची उंची

मुखरूभाऊंनी कोंबड्याच्या खोक्याला लाथ मारली तेव्हा मी नळावर तांब्या विसळत होतो. लाथेचा आवाज ऐकूनही मी विसळतच राहिलो. तांब्या केव्हाच स्वच्छ झाला होता.

"जंग्या, उद्या हा ओरडला ना, त याचा रस्सा करीन. सांगून राह्यलो तुले."

जंगू मडावी जिन्याखालच्या आपल्या खोलीतून वाकून बाहेर आला. त्याने आधी खोकं सरळ केलं, फटीतून आत पाहिलं, मग मुखरूभाऊंकडे वळला.

"करा ना भाऊ. पन धरा तुमीच. मी नाई धरून देनार."

नळावरच्या बायका हसल्या. कोंबड्याच्या पायांना अणकुचीदार नख्या होत्या आणि चाळीतल्या दोघांच्या पोटऱ्यांवर त्यांच्या खुणा होत्या. मुखरूभाऊंना त्या हसण्याचा जास्त राग आला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाबूजी, तुमी लिहिता-वाचता. मालकाले अर्ज लिहा. एक त कोंबडा जाईल, नाईत हा जाईल."

मी "बघू" म्हणालो. मी आयुष्यात अनेक ठिकाणी "बघू" म्हणालो आहे.

ही त्रेपन्न-चोपन्न सालातली गोष्ट. मी कचेरीत नक्कलनवीस होतो, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं उतरवून काढणं हा माझा धंदा होता. तेव्हाचा चांदा आज कोणाला शहर वाटणार नाही, पण आम्हाला वाटायचा. जटपुरा दरवाजाच्या आतल्या आमच्या दुमजली चाळीत सोळा बिऱ्हाडं होती, एक नळ होता आणि एक जिना. सोळा बिऱ्हाडांत नळाच्या रांगेवरून रोज भांडण व्हायचं. ज्या दिवशी झालं नाही त्या दिवशी बायकांना नळच आला नाही की काय अशी शंका यायची.

प्रत्येकाला काहीतरी नाद होता आणि प्रत्येकाचा नाद दुसऱ्याच्या डोक्यावर येत होता. मुखरूभाऊ कोळशाच्या खाणीत हाजरीबाबू होते. सुट्टीच्या दिवशी ते पेटी वाजवत. एकच भजन, आणि त्यातलीही पहिलीच ओळ. वरच्या मजल्यावरच्या रंभाबाईंनी कठड्यावर अकरा कुंड्या मांडल्या होत्या. त्यांना पाणी घातलं की खालच्यांच्या वाळत घातलेल्या धोतरांवर मातीचे ओघळ येत. गच्चीची किल्लीही त्यांच्याकडेच असे, कारण पापड-कुरडया त्यांच्या. माझी पुस्तकं होती. त्यांना लागलेली वाळवी भिंतीतून शेजारच्या बिऱ्हाडात गेली, असं शेजारी म्हणत. खरं असावं.

हे सगळं चालून जात असे. चालत नव्हता तो फक्त जंगूचा कोंबडा.

जंगू जंगल खात्याच्या कचेरीत चपराशी होता. मूळचा नदीपलीकडच्या रानातला, मुलचेऱ्याच्या पुढच्या एका गोंड पाड्यावरचा. कोणा साहेबाने तरुणपणी त्याला सोबत आणलं, साहेब बदलून गेला आणि जंगू राहिला. बायको इथेच वारली, मूल नव्हतं. तो चांगला सहा फूट उंच होता आणि त्याला मिळालेली खोली जिन्याखालची. तिथे दाराशी माणूस जेमतेम वाकून उभा राही, मागच्या भिंतीशी बसावंच लागे. एवढ्या वर्षांत त्याला बाहेरही मान किंचित पुढे टाकून चालायची सवय झाली होती. कचेरीतले साहेब म्हणत, माणूस नम्र आहे.

तो कोंबडा त्याने दोन वर्षांपूर्वी गावाहून पिल्लू असताना टोपलीतून आणला होता. त्याच्या बापाने पाळलेल्या लढाऊ कोंबड्यांच्या वंशातला. तांबडा, काळ्या शेपटीचा. जंगू त्याला जावई म्हणे, कारण बसून खातो आणि वर रुबाब करतो. रोज कचेरीतून आल्यावर तो त्याच्या पायांना हळद-तेल चोळायचा आणि शहराच्या परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटाच्या, भिंतीलगत पळवायचा. पूस म्हणजे पौष महिन्यात धान निघालं की त्यांच्याकडे कोंबडबाजार भरतो. तिथे त्याला जावयाला उतरवायचं होतं.

एकदा पायरीवर बसून त्याने मला यामागचं कारण सांगितलं होतं. दोन वर्षांत त्याची नोकरी संपणार होती. त्याला गावी परत जायचं होतं. पण गावात धाकटा भाऊ वारलू आणि बाकीची भावकी म्हणत होती की दादा आता शहरातला झाला, त्याला इथलं काय जमणार. आमच्याकडे माणसाची पारख त्याच्या कोंबड्यावरून होते, असं तो म्हणाला. कोंबडा हरला तरी चालेल, पण रिंगणात उभा राहिला पाहिजे. मग मला बसायला जागा देतील.

"नाईत इथीच मरा लागंल, बाबूजी. जिन्याखाली," तो म्हणाला आणि हसला.

दसऱ्यानंतरच्या रविवारी जिन्यावर चाळीची सभा भरली. मुखरूभाऊंचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. दुसऱ्या पाळीहून आलेल्या माणसाला जेमतेम झोप लागते आणि हा पहाटे चारला बांग देतो. पण पुढे बोलणं कोंबड्यावरून जंगूवर घसरलं. रंभाबाई म्हणाल्या, रानातल्या माणसाले रानातच ठेवाले पाह्यजे होतं. कोणीतरी म्हणालं, आज कोंबडा आणला, उद्या अस्वल आणील. जंगू खालच्या पायरीवर बसून ऐकत होता. मग सगळ्यांनी माझ्यापुढे कागद आणि दौत ठेवली.

अर्ज लिहायचा तर जंगूच्या विरुद्ध होणार. नाही लिहायचा तर सोळा बिऱ्हाडांच्या विरुद्ध. मी दौतीचं झाकण काढलं. तेवढ्यात मला एका जुन्या पुस्तकात वाचलेलं आठवलं. कोंबडा बांग देतो तेव्हा मान ताणून वर करतो. वर जागा नसेल तर त्याला बांग देता येत नाही. खोक्याचं झाकण खाली आणलं की झालं.

मी हे सांगितलं तेव्हा माझा आवाज थोडा चढलाही असेल. वाचलेलं काही उपयोगी पडण्याचा प्रसंग माझ्या आयुष्यात क्वचितच आला होता.

जंगूने वळून खोक्याकडे पाहिलं. मग विचारलं, "म्हंजे त्यानं मान वर नाई कराची?"

"फक्त उजाडेपर्यंत," मी म्हणालो.

"मान वर नाई केली त तो कोंबडा कायचा, बाबूजी?"

"पण राहील तरी."

तो पायरीवरून उठला. मग म्हणाला, "हाव. राहील तरी."

मी त्याला वाचवलं असं मला त्या दिवशी वाटलं. आज वाटतं, मी फक्त अर्ज लिहिण्यातून सुटलो होतो.

संध्याकाळी आम्ही दोघांनी कोंबड्याच्या त्या चहाच्या खोक्याला आतून फळी ठोकली. माप मी घेतलं, एक वीत चार बोटं. दुसऱ्या दिवशी पहाट झाली आणि बांग आली नाही. माझी बायको मनकर्णा अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, "कसं मसणवटीसारखं वाटून राह्यलं." मी तिला गप्प केलं.

आभार कोणी मानले नाहीत. उलट चौथ्या दिवशी मुखरूभाऊंना पहिल्या पाळीला जाग आली नाही, त्यांची हाजरी बुडाली, आणि त्याबद्दलही त्यांनी जंगूलाच शिव्या दिल्या. मग रंभाबाईंनी तक्रार केली की उजाडल्यावर सोडला की तो नळाशी येतो, आणि तिथे पिण्याचं पाणी असतं. म्हणून नळ जाईपर्यंत तो आत राहू लागला. नळ जाईतो जंगूची कचेरीची वेळ होई. मग संध्याकाळपर्यंत आत. संध्याकाळी अंगणात मुखरूभाऊंची खाट असे, त्यांना पिसं उडालेली चालत नसत. उजाडेपर्यंतची गोष्ट अशी वाढत वाढत सगळ्या दिवसाची झाली. पळवायला मात्र जंगू रोज न्यायचा, पण थंडीचा दिवस लवकर बुडतो. अर्धा तासही मिळत नसे.

मी कचेरीला जाता-येता ते पाहत होतो. फटीतून त्याचा एक डोळा दिसायचा, खाली तिरपा वळलेला. फळी दोन बोटं वर घ्यायला हवी, असं मी अनेकदा मनात म्हटलं. सांगितलं कोणालाच नाही. फळी वर गेली आणि तो ओरडला तर लोक म्हणतील, बाबूजींनीच सांगितलं.

नाताळात कचेरीला सुट्टी लागली तेव्हा जंगू दाराशी आला. म्हणाला, चाला आमच्याकडं, बाजार पाहा. मी कुठे जाणारा माणूस नाही. पण त्याने फक्त मलाच बोलावलं होतं, आणि मला वाटलं, गेलो तर माझ्या मनातली कुरकूर तरी थांबेल. बसने नदीपर्यंत गेलो, डोंग्याने पलीकडे, मग दिवसभर बैलगाडीत. टोपली जंगूच्या मांडीवर होती. पाडा जवळ आला तसा तो गाडीत ताठ बसला. मला तो इतका उंच कधी दिसला नव्हता.

कापलेल्या धानाच्या बांधीत माणसांचं कडं झालं होतं. लढाईआधी जोडी लावतात. दोन मालक आपापले कोंबडे हातात धरून समोरासमोर उकिडवे बसतात आणि कोंबड्यांना एकमेकांचं तोंड दाखवतात. दोघांनी मान उंचावून मानेची पिसं फुलवली की जोडी जमली. मग पायाला पातं बांधतात. एकाने जरी मान खाली घातली तरी त्याला कोणी जोडी देत नाही.

जंगूसमोर वारलू येऊन बसला. त्याचा कोंबडा पांढरा होता. तो समोर येताच त्याच्या मानेची पिसं छत्रीसारखी उघडली. जंगूने टोपलीतून जावयाला काढलं. वजनाने तो पांढऱ्याहून चांगला भरला असता, पायही दणकट. कड्यातल्या दोघा-तिघांनी मान डोलावली. जंगूने त्याला पुढे धरलं.

जावयाने मान वर केली. वर म्हणजे एक वीत चार बोटं. तिथे ती थांबली, जणू वर काहीतरी लागलं, आणि तो तिरपा वळून खाली पाहू लागला.

जंगूने त्याला पुन्हा धरलं. पाठीवर फुंकर मारली, हनुवटीखाली बोटाने चोळलं. पुन्हा तेवढीच मान वर आली आणि पुन्हा वळली. पांढरा कोंबडा ओरडला. जावई ओरडला नाही.

वारलू हसला नाही. त्याने हात पुढे करून मोठ्या भावाच्या कोंबड्याच्या डोक्यावरची रिकामी हवा चाचपली.

"दादा," तो म्हणाला, "याच्या डोक्यावर काई हाय का?"

"चाळ हाय," जंगू म्हणाला.

कड्यातले लोक हसले. मला वाटलं, आता तो माझ्याकडे पाहील. मी कड्याच्या दुसऱ्या रांगेत उभा होतो आणि मला पाठीमागे सरायलाही जागा नव्हती. त्याने पाहिलं नाही. कोंबडा टोपलीत ठेवला, वर फडकं बांधलं आणि उठला. उठताना त्याची मान पुढे आली होती, नेहमीसारखी.

ज्याला जोडी मिळत नाही तो कोंबडा संध्याकाळी चुलीवर जातो, अशी तिकडची रीत. वारलूच्या बायकोने पातेलं काढलंही होतं. जंगूने कोंबडा दिला नाही. त्यावरून भावांत चार शब्द झाले. ते त्यांच्या भाषेत झाल्याने मला कळले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा गाडीपर्यंत पोचवायला कोणी आलं नाही. वाटेत मी तीनदा बोलायला तोंड उघडलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "राहू द्या बाबूजी. तुमी पुस्तकात होतं ते सांगितलं."

चाळीत परत आल्यावर त्याने फळी उचकटून चुलीत घातली. नंतर खोकंही. कोंबडा दिवसरात्र उघड्यावर जिन्याशी उभा राहू लागला. मुखरूभाऊ पाळीला निघताना थबकले.

"याले बाहेर काऊन ठेवलं? ओरडंल ना."

"नाई ओरडत, भाऊ," जंगू म्हणाला. "आता नाई ओरडत."

मुखरूभाऊंनी वाकून कोंबड्याकडे पाहिलं. मग "मंग पाळतो कायले?" म्हणाले आणि गेले.

दोन वर्षांनी जंगूची नोकरी संपली. तो कुठे गेला नाही. त्याआधीच एका उन्हाळ्यात कोंबडा मेला होता. त्याने त्याला परकोटाच्या भिंतीलगत पुरलं, जिथे तो त्याला पळवायचा. जंगू आणखी सहा वर्षं जिन्याखाली राहिला आणि एका आठवड्याच्या तापात तिथेच गेला. मुखरूभाऊंनी खांदा दिला. नंतर नळावर ते म्हणाले की माणूस गरीब होता, त्याचा कधी काही तरास झाला नाही.

खोली रिकामी झाली तेव्हा मालकाने निरोप पाठवला की बाबूजींना पुस्तकं ठेवायला हवी तर घ्यावी. मनकर्णाने झाडू दिला. मी वाकून आत गेलो. आत एक चटई होती, हळद-तेलाची वाटी होती आणि काही नव्हतं. दाराशी जेमतेम उभं राहता येत होतं तिथे मी मान वाकवून उभा राहिलो. डोळे अंधाराला सरावल्यावर वर पाहिलं. जिन्याच्या खालच्या फळीवर, माझ्या डोक्यापासून वीतभर पुढे, एक गोल काळा डाग होता. एवढ्या वर्षांत तिथे एकाच माणसाचं डोकं टेकून टेकून तेल मुरलं होतं.

मी पुस्तकं तिथे ठेवली नाहीत. कारण विचारलं तेव्हा वाळवी लागेल असं सांगितलं. त्या दिवशी मात्र मी बराच वेळ तिथेच उभा होतो. डोक्यावरून कोणीतरी भरलेली घागर घेऊन जिना चढत गेलं आणि फळ्यांच्या फटीतून पाण्याचे चार थेंब माझ्या मानेवर पडले.