अळणी नेम

हरणाच्या पिंडऱ्यांवर पहिले जांभळे ठिपके उठले, त्याच रविवारी तिच्या आईनं, मुक्ताबाईनं, अणदूरच्या खंडोबापुढं नेम धरला. लेकीचे पाय बरे होईस्तोवर एकच वेळ जेवायचं, तेही अळणी. रविवारी नुसत्या पाण्यावर राहायचं. दीड वर्ष झालं. ठिपक्यांच्या जखमा झाल्या, गोळ्या-मलमं हरली, पण नेम चुकला नाही.

शेवटी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं. रक्तवाहिन्यांनाच सूज आहे. रक्त यंत्रातून काढायचं, त्यातलं दुखणं माजवणारं पिवळं पाणी टाकायचं, लाल तेवढं परत द्यायचं. टाकलेल्याच्या जागी मात्र दुसऱ्यांनी दिलेल्या रक्तातलं चांगलं पाणी लागतं.

"म्हंजी आपल्या आडाचं पाणीच की गं, आय," नळ्यांकडं बघत हरणा हसली होती. शहाऐंशीच्या त्या दुष्काळात आडाला नुसता गाळ होता. "फडक्यानं गाळून घ्यायलेत."

दोन खेपा झाल्या. जखमांच्या कडा सुकल्या. हरणाचा बाप बब्रुवान आणि गावच्या दूध सोसायटीतले चौघे एसटीनं येऊन रक्त देऊन गेले. आता तीन महिने त्यांचं घेता येत नव्हतं. तिसरी खेप उद्यावर आली आणि रक्त कमी पडत होतं. खेप चुकली तर पाय वाचायचा भरवसा नाही, असं डॉक्टर स्पष्टच बोलले.

मुक्ताबाई रक्तपेढीत जाऊन बसली. "माझं घ्या, बाई. आईचं हाय, लागू पडंलच."

वॉर्डातून तिच्यासोबत आलेल्या शांताक्का नर्सनं बोट टोचलं, थेंब तपासला, पुन्हा टोचलं.

"मावशी, तुमच्यातच रक्त न्हाय. पायजे त्याच्या निम्मंबी न्हाय. जेवता का न्हाय?"

"नेम हाय," मुक्ताबाई हळूच म्हणाली. "लेकीसाठी."

शांताक्कानं टोचल्या बोटावर कापूस ठेवला. तो तिनं उगीच बराच वेळ दाबून धरला.

वॉर्डात आईचं तोंड बघूनच हरणाला कळलं. तिनं दवाखान्याचं ताट पुढं ओढलं, वरणभात कालवला.

"आज रविवार हाय गं," मुक्ताबाई म्हणाली.

"ठावं हाय." हरणानं घास तिच्या ओठांशी धरला. "पाया पडते तुझ्या. खा."

मुक्ताबाईनं डोळे मिटून देवाची माफी मागितली आणि तोंड उघडलं. दीड वर्षांनी जिभेला मीठ लागलं. ते झोंबलं.

शांताक्का पट्टी बघायला आली, तेव्हा मुक्ताबाईनं विचारलं, "हे खाल्लेलं रक्तात उतराया किती दिस लागतात?"

"दोन महिने तरी, मावशी."

हरणाच्या घोट्यापाशी पांढऱ्या पट्टीवर नवा लाल डाग उमटला होता. मुक्ताबाईनं तो पाहिला. मग ताट मांडीवर ओढून ती भराभरा जेवू लागली.