सप्टेंबरचे कागद

सायमीने डोळे मिटले, हात कमरेवर ठेवले आणि उजवा पाय उचलला. संघाच्या दुखापती बघणाऱ्या हिल्काने घड्याळाची कळ दाबली. वीस सेकंद उभं राहायचं, एवढंच. सातव्या सेकंदाला सायमीचा एक हात कमरेवरून सुटला, अकराव्याला पाय जमिनीला टेकला आणि चौदाव्याला तिने डोळे उघडून भिंत धरली.

“ही खेप मोजू नकोस. पायाखाली मोजा गोळा झाला होता.”

“बरं. मोजे काढ. पुन्हा करू.”

अनवाणी पायांनीही तेच झालं. हिल्काने आकडा लिहिला आणि पेन बाजूला ठेवलं. भिंतीपलीकडे मुलींचा आइस हॉकीचा सराव चालू होता. चकती फळीवर आपटली की खोलीतल्या कपाटाच्या काचा हलकेच थरथरत, आणि दर आवाजाला सायमीच्या पापण्या मिटत. ते तिचं तिला कळत नसावं.

“आता शब्द. मघाशी तीनदा वाचून दाखवले ते. आठवतील तेवढे सांग, घाई नाही.”

“वल्हं, कांदा, मेणबत्ती, पूल, कोट...” सायमी थांबली. “सुई. नाही, सुई मागच्या मंगळवारी होती.”

“हं.”

“पाचच झाले ना?”

“पाच.”

पाच आठवड्यांपूर्वी सायमी आणि संघाची कप्तान रौना एकाच चकतीमागे धावल्या होत्या आणि डोक्यावर डोकं आदळून दोघी बर्फावर पडल्या होत्या. दोघींच्याही मेंदूला हादरा बसला होता. संघाचा नियम साधा होता. मोसम सुरू होण्याआधी, सप्टेंबरात, हिल्का प्रत्येकीची हीच परीक्षा घ्यायची: दहा शब्द, एक पाय, वीस सेकंद. पुढे कुणाच्या डोक्याला मार लागला, तर त्या मुलीने आपल्या सप्टेंबरच्या आकड्यापर्यंत परत यायचं. तोवर बर्फावर उतरायचं नाही. सायमीने सप्टेंबरात दहाच्या दहा शब्द सांगितले होते, आणि पाय एकदाही टेकला नव्हता.

“शनिवारी बस सामन्यासाठी ओउलूला जातेय,” सायमी म्हणाली. “तार्मो म्हणाला, आता माझी जागा रिकामी ठेवता येणार नाही. या वेळी नाही गेले तर माझ्या जागी ती राखीव मुलगी, आयला, खेळणार, मोसम संपेपर्यंत.”

“तार्मो कोच आहे. डोक्याचं मी बघते.”

“रौना तीन आठवडे झाले खेळतेय. तिचं डोकं काय लाकडाचं आहे?”

“तिलाच विचार की.”

“ती माझ्याशी बोलते कुठे?” सायमीने मोजा पायात चढवला आणि त्याची शिवण बोटांवर नीट बसेपर्यंत ओढत राहिली.

हिल्काने खुर्ची जवळ घेतली. पस्तीस वर्षं ती मुलांना एकच गोष्ट शिकवत आली होती, थांबायची, आणि दर मुलाला वेगळी सांगावी लागायची.

“तुमच्याकडे घरी दही लावतात?”

“आजी लावायची. आई कँटीनमधून येते तेव्हा तिला चहा करायचंही त्राण नसतं.”

“आजी विरजण लावून भांडं ओट्यावर ठेवायची. मग?”

“मग काही नाही. हात लावायचा नाही.”

“आणि दर तासाला हलवून बघितलं, लागलं का, लागलं का?”

“पाणी होतं.” सायमीने डोळे फिरवले. “कळलं गं. माझ्या डोक्यात दही आहे. शाळेत सांगते आता सगळ्यांना.”

“जा, पड दहा मिनिटं. पडदा ओढून घे.”

सायमी पडद्यामागच्या खाटेवर आडवी झाली. हिल्काने सप्टेंबरची फाइल काढली. तार्मोला चार ओळी लिहायच्या होत्या. त्या मुलीला अजून वेळ लागेल, तिची जागा ठेव, असं. आकडे दाखवले तर तो ऐकेल, या विचाराने तिने सायमीचा आणि रौनाचा कागद शेजारी शेजारी ठेवले.

रौनाचे शब्द सहा. पाय तीनदा टेकलेला. हादऱ्यानंतर दोन आठवड्यांनी रौनाने सहा शब्द सांगितले होते, डोकं दुखत नाही म्हणाली होती, आणि हिल्काने तिला खेळू द्यायला सही केली होती.

तिने आयलाचा कागद काढला. सहा शब्द. पाय तीनदा. पुढचा: सहा. पुढचा: पाच. ती एकेक कागद टेबलावर मांडत गेली, पत्ते लावावेत तसे. अठरा मुली. सतरा कागदांवर सहाच्या वर एकही आकडा नव्हता.

परीक्षा दोन संध्याकाळी झाली होती, एकेक मुलगी आत बोलावून. पोरी दमल्यात, असं तिला तेव्हा वाटलं होतं. कागद एकत्र मांडून बघायचं काही कारणच पडलं नव्हतं.

आता तिला बाहेरचा पॅसेज आठवला. बाकावर सगळ्या एकमेकींच्या अंगावर रेलून कुजबुजत होत्या, मधूनच फिदीफिदी हसत होत्या. पार टोकाला, स्केटला धार लावायच्या यंत्राजवळ, ऑगस्टात गावात नवी आलेली सायमी एकटीच बुटाची नाडी बांधत बसली होती. मुद्दाम कमी सांगायचं, म्हणजे पुढे डोकं आपटलं तरी पास होता येतं, ही युक्ती बाकावर सगळ्यांपर्यंत पोचली होती. टोकापर्यंत कुणी गेलं नव्हतं.

आणि आपण काय केलं? दार उघडून सगळ्यांसमोर म्हणालो, “बघा गं, नवीन मुलीने एकटीने दहाच्या दहा सांगितले!” पोरी केवढ्या हसल्या होत्या. हिल्काही हसली होती त्यांच्याबरोबर.

तिने चष्मा काढून कागदांवर ठेवला.

पडद्यामागून आवाज आला. “दहा मिनिटं झाली का?”

“झाली. ये, बस.”

सायमीची नजर टेबलावर गेली. शब्द विसरत असली तरी आकडे तिला वाचता येत होते. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेली आणि तिचं बोट आपल्या कागदापाशी थांबलं.

“सगळ्यांचे सहा कसे?”

खोटं सांगणं सोपं होतं. हिल्काने मुलांना कधी सांगितलं नव्हतं.

“ठरवून चुकल्या असाव्यात.”

“सगळ्या?”

“असंच दिसतंय.”

 पलीकडे चकती दोनदा आपटली.

“म्हणजे तेव्हा बाकावर त्या हे बोलत होत्या,” ती म्हणाली. “मला वाटलं, माझ्या पिवळ्या हेल्मेटला हसतायत. मी घरी जाऊन आईशी भांडले. तिने ज्यादा पाळ्या करून नवं घेतलं, पांढरं. त्यांच्यासारखं.”

 हिल्काने पेन उचललं आणि परत ठेवलं.

“रौनाला थांबवावं लागेल,” ती म्हणाली. “आणि सगळ्यांची परीक्षा पुन्हा. मी सांगेन, कागद बघून मला कळलं म्हणून.”

“त्या म्हणतील मीच सांगितलं.”

“म्हणतील.”

“शनिवारी कप्तानच नाही म्हटल्यावर तर...” सायमीने वाक्य सोडून दिलं. नखाने टेबलाची कड खरवडली. “परवा मी सराव बघायला आले होते. रौना बाकावर टोपी डोळ्यांवर ओढून बसली होती. दिवे लागले की ती असं करते. आणि बाटली उघडायला गेली की आधी एकदा झाकण चुकतं तिचं.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. त्यांना नाही दिसत, त्या गप्पा मारत असतात.” मग तिने फोन हिल्काच्या हाताशी सरकवला. “कर तार्मोला फोन. मी बाहेर थांबते.”

“थांब इथेच.”

“नको. तू ओरडशील त्याच्यावर. माझं डोकं दुखतं आवाजाने.”

शनिवारी बस दोघींना न घेता गेली.

पुढच्या मंगळवारी सायमीने सात शब्द सांगितले आणि पाय दोनदा टेकला. हिल्काने कागदावर आकडे लिहिले, तिला वेलचीचा पाव दिला आणि पुढच्या मुलीला आत घ्यायला दार उघडलं.

रौना बाकाच्या पार टोकाला, धार लावायच्या यंत्राजवळ बसली होती. सोबत कुणी नव्हतं. टोपी नाकापर्यंत ओढलेली, वर पॅसेजच्या दिव्यांच्या लांब नळ्या पांढऱ्याफेक जळत होत्या. सायमी बाहेर आली तेव्हा तिने मान वर केली नाही.

“सांगितलंस ना शेवटी,” ती टोपीखालून म्हणाली.

 सायमी तिच्यासमोरून पुढे गेली, पॅसेजच्या शेवटी पोचली आणि तिथे थांबली. भिंतीवर दिव्यांची बटणं होती. तिने एक दाबलं, मग दुसरं. रौनाच्या बाजूचा निम्मा पॅसेज अंधारला.

मग ती परत आली, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि बुटाची नाडी बांधू लागली.

हिल्का दारात उभी होती. रौनाला हाक मारायची वेळ होऊन गेली होती. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि हाक मारली नाही.