सतरावं पान

कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान असलेल्या माणसाला दोन गोष्टी पक्क्या कळतात: कोण किती वाचतं आणि कोण वाचल्याचा किती आव आणतं. इथला झेरॉक्सवाला गेली बावीस वर्षं माणसं पानांवर मोजत होता. कॉमर्सची पोरं दोनशे पानांची, विज्ञानाची त्याहून जड. तत्त्वज्ञानवाले सगळ्यांत सुटसुटीत. सरांच्या हातच्या चाळीस पानी नोट्स घोकायच्या, पेपरात ओकायच्या आणि बी.ए. होऊन बँकेच्या परीक्षेला बसायचं. डोक्याला ताप नाही.

अशा निरुपद्रवी विषयात त्याची स्वतःचीच मुलगी जाऊन बसली. घरात तिला 'कशावरून' म्हणत. चार वर्षांची असताना आई म्हणाली, "चांदोबा झोपला," तर हिने विचारलं होतं, "कशावरून?" तेव्हापासून चिकटलेलं नाव. प्रवेश घेतला त्या दिवशी आईने सुटकेचा निःश्वास टाकला, "आता सरांचं डोकं खा बाई."

दुसऱ्या वर्षी एक दिवस ती नोट्स घेऊन दुकानात आली.

"बाबा, सोळाव्या पानाच्या शेवटी आहे, 'या मतावर पहिला आक्षेप असा की'. आणि पुढचं पान सुरू होतं, 'म्हणून मनुष्य स्वतंत्र आहे हे सिद्ध होते'. मधलं कुठे गेलं?"

मशीनमध्ये डोकं घालून तो म्हणाला, "तत्त्वज्ञान आहे ते. मधलं आपल्याला कळायचं नसतं."

"कशावरून?"

"सरक बाजूला, गिऱ्हाईक आलंय."

मधलं कुठे गेलं ते साऱ्या जगात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. अठरा वर्षांपूर्वी मशीनने सतरावं पान गिळलं होतं आणि परत दिल्या होत्या नुसत्या चिंध्या. त्याने त्या केराच्या डब्यात टाकल्या, उरलेली एकोणचाळीस पानं नीट लावली आणि सरांना म्हणाला, "मोजून घ्या हं, सर." सर मोजणार नाहीत याची खात्री होती, म्हणूनच म्हणाला. पुढे मूळ गठ्ठाही हरवला आणि सर एका विद्यार्थ्याच्या प्रतीवरूनच शिकवू लागले. अठरा तुकड्यांनी इमानेइतबारे लिहिलं, 'पहिला आक्षेप असा की म्हणून मनुष्य स्वतंत्र आहे हे सिद्ध होते.' सगळे पास. एकीला तर पदकही मिळालं.

कशावरूनने मात्र ग्रंथालय पालथं घातलं, एक सोडून तीन आक्षेप शोधले आणि पेपरात शेवटी लिहिलं, 'सबब हे सिद्ध होत नाही.' वीसपैकी दोन गुण. शेजारी सरांच्या लाल शाईत 'विषयांतर'. तेवढ्यावर पेपर गेला आणि तिसऱ्या वर्षाचा प्रवेश अडकला.

ती रडली नाही. म्हणाली, "पाठच करायला हवं होतं. पुढच्या वेळी करते."

चार दिवस घरात 'कशावरून' ऐकू आलं नाही. आई म्हणाली, "आज भाजीत मीठ बरोबर पडलंय." पडलेलं नव्हतं. मुलीने मान डोलावली. झेरॉक्सवाल्याने ताट बाजूला सारलं. आपल्या मशीनने आता पोरगी गिळली, हे त्याला कोणत्याही ग्रंथाशिवाय कळलं.

पाचव्या दिवशी तो स्टाफरूममध्ये सरांपुढे उभा राहिला आणि सगळं ओकून मोकळा झाला.

"पान खाल्लं?" सर हसले. "अहो, ती वैचारिक झेप आहे! तिथे मी वर्गात दोन मिनिटं गप्प बसतो. मुलं विचार करतात."

"काय विचार करतात, सर?"

"ते कधी विचारलं नाही. पण त्या मौनावर मी परिषदेत निबंध वाचलाय. टाळ्या पडल्या होत्या."

"सर, ते मौन माझ्या मशीनचं आहे."

सरांनी नोट्स काढल्या. ते वाक्य पहिल्यांदाच मोठ्याने, न थांबता वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

"हे बाहेर फुटलं तर?"

"फुटायला कुणीतरी वाचायला हवं, सर. पण माझ्या पोरीचा पेपर तुम्ही नीट वाचा. नाहीतर मी तुमच्या वर्गात येऊन सांगतो."

सरांनी वाचला. दोनाचे पंधरा झाले, अडकलेला प्रवेश मिळाला. शिवाय तिच्या उत्तराचं पान सरांनी तिला विचारून पेपरातून काढून घेतलं, कोपऱ्यात '१७' घातलं आणि नोट्समध्ये सारलं. तिसऱ्या आक्षेपाशेजारी तिने बारीक अक्षरात कबूल केलं होतं, 'हे मला अजून नीट पटलेलं नाही.' तेही आपसूक छापून निघालं.

पुढच्या वर्षी सरांनी आदर्श उत्तर म्हणून एका मुलाचा पेपर झेरॉक्सला पाठवला. कशावरून काउंटरवर बसली होती. वाचता वाचता तिने बापाला हाक मारली.

"बाबा, हा लिहितो, 'हे मला अजून नीट पटलेलं नाही.' आणि सरांनी शेजारी लिहिलंय, 'उत्तम! स्वतःचा विचार.'"

"मग असेल त्याचा," बाप कागद भरता भरता म्हणाला.

"कशावरून?"

त्याने मशीन बंद केलं आणि पोट धरून हसत सुटला. बाहेर अकरा गिऱ्हाइकं ताटकळली होती. अकराच्या अकरा तत्त्वज्ञानाची, सतरावं पान न्यायला आलेली.