पाच नंबरचं पोर्ट

सकाळी साडेनऊपासून सुलक्षणा कटरच्या मागे लागली होती, आणि कटर ढिम्म होता.

भांडुपच्या त्यांच्या छोट्या गाळ्यात खरं यंत्र तेवढं एकच. त्यात चिकट प्लास्टिकचा रोल घालायचा, कॉम्प्युटरवर मांडलेला मजकूर त्याला पाठवायचा, की बारीक पातं वरच्या थरावर अक्षरं कापत जातं; खालचा कागद शाबूत राहतो. मग आजूबाजूचं नको ते सोलून काढायचं. रिक्षाच्या काचेवर, दुकानाच्या दारावर, होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर चिकटतं ते हेच. लोक त्याला रेडियम म्हणतात. सुलक्षणाने फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलेलं. सुरुवातीला ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची की यात रेडियम नसतं, असतं तर तुम्ही-आम्ही इथे गप्पा मारत उभे नसतो. शेवटी सर्वेशने तिला बाजूला घेतलं होतं. "गो बाय, लोकांना रेडियम हवंय तर रेडियम दे ना. तास कशाला घेतेस?"

सर्वेश तिचा मावसभाऊ, तिच्याहून आठ महिन्यांनी मोठा, आणि गाळ्यात बरोबरीचा भागीदार. गिऱ्हाइकं तो आणायचा, अक्षरं ती काढायची.

ती अक्षरं तिची स्वतःची होती. मिळतात ते मराठी फॉन्ट छापण्यासाठी केलेले. कापायला घेतले की बारीक टोकं फाटतात, उकार उचलून येतात. म्हणून तिने तीन वर्षं खपून सगळी वर्णमाला नव्याने काढली होती. पात्याला वळता येईल एवढाच बाक, सोलताना तुटणार नाही एवढी जाडी. सगळ्यात आधी काढला तो 'स', कारण दोघांची नावं त्यानेच सुरू होतात.

आज त्याच अक्षरांत 'सोनाई' कापायचं होतं, चार फूट लांब. उद्या त्या नावाची होडी पाण्यात उतरायची होती आणि तिचे मालक, खारदांड्याचे जयवंतकाका, बारा वाजता नाव न्यायला येणार होते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतली एक सवय तिला अजून होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. तिने केबल काढून प्रिंटरला लावली. प्रिंटरने पान छापलं. केबल चांगली. कटरवरचं चाचणीचं बटण दाबलं. त्याने स्वतःहून एक चौकोन कापून दाखवला. कटर चांगला. मग बिघाड या दोघांच्या मधे कुठेतरी होता.

तिने सर्वेशला फोन लावला.

"काय गो, काय झाला?" मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "मी जोगेश्वरीला आहे, माल बघायला आलोय."

"कटर काही घेत नाहीये."

"केबल गेली असेल. येताना नवी आणतो."

"केबल चांगली आहे. प्रिंटर चालला तिच्यावर."

"अगं, कधी कधी प्रिंटरला चालते नि कटरला नाही चालत."

"कधी कधी असं काही नसतं, सर्वेश. कारण असतं."

"बरं, मॅडम. पण तू कशाला हात लावू नकोस, मी येतोच."

फोन ठेवल्यावर तिला ते वाक्य खटकलं. तीन वर्षांत कॉम्प्युटरला हात लावू नको असं तो तिला पहिल्यांदाच म्हणाला होता. एरवी माऊस अडला तरी हाक तिलाच.

तिने कापायचं सॉफ्टवेअर उघडलं आणि कुठल्या पोर्टवर कटर शोधायचा ते पाहिलं. जोडलेल्या प्रत्येक मशीनला कॉम्प्युटर एक नंबर देतो. त्यांच्या कटरचा नंबर तीन होता. विसरायला नको म्हणून तिनेच लाल रेडियममध्ये '३' कापून मॉनिटरच्या कोपऱ्यावर चिकटवला होता. सॉफ्टवेअरमध्ये मात्र पाच लिहिलेलं होतं. म्हणजे सकाळपासून ती जे पाठवत होती, ते अशा दारावर जात होतं ज्याच्या मागे कुणीच नव्हतं.

पण हा नंबर आपोआप बदलत नाही. कुणीतरी बसून तो निवडावा लागतो.

एकदा जोडून काढलेलं मशीन कॉम्प्युटर विसरत नाही, नुसतं लपवून ठेवतो. तिने लपवलेली नावं दाखव म्हणून सांगितलं. यादीत एक फिकट नाव वर आलं. दुसऱ्याच कंपनीचा कटर. पोर्ट पाच. जोडल्याची वेळ, रविवार, सकाळी अकरा पन्नास.

रविवारी ती मुलुंडला एका साखरपुड्याला गेली होती. आणि सर्वेशने कॉम्प्युटर पंखा बदलायला नेला होता. "घरघर करतोय फार. जोगेश्वरीला माझ्या ओळखीचा एक जण आहे, हातोहात बदलून देतो." काल, सोमवारी, गाळ्यात कापायचं काही काम नव्हतं, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

तिने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि कॉम्प्युटरची बाजू उघडली. पंख्याच्या पात्यांवर राखाडी धुळीचा जाड थर होता. गणपतीत उडून अडकलेला रेडियमचा लाल कपटाही तिथेच होता.

तरी तिने त्याच्यासाठी कारणं शोधून पाहिली. दुरुस्तीवाल्याने काहीतरी तपासायला कटर जोडला असेल, असं वहीत लिहिलं. पण पंखे बदलणाऱ्याकडे कटर कशाला असेल? वहीत लिहिलेली ती ओळ तिने खोडली.

बाजू परत लावून तिने कॉम्प्युटर सुरू केला आणि पाचच्या जागी तीन निवडलं. 'सोनाई' पाठवायला माऊसकडे हात गेला, तोच कटर खडखडला. रोल पुढे सरकला, मागे आला, आणि पातं खाली उतरलं.

सकाळचं सगळं तिने रद्द केलं होतं आणि नव्याने अजून काहीच पाठवलं नव्हतं. स्क्रीनवर एक जुनं काम दिसत होतं. रविवारी दोन प्रती मागितलेल्या, एक निघालेली, दुसरी मधेच केबल काढल्यामुळे रांगेत अडकून पडलेली. मशीन सापडल्याबरोबर ती बाहेर पडायला लागली होती. बंद करायचं बटण हाताशीच होतं. सुलक्षणाने ते दाबलं नाही.

कापलेल्या रेडियमवर नुसत्या नजरेने काही वाचता येत नाही, सगळीकडे एकच रंग असतो. तिने नखाने कोपरा उचलला आणि बाजूचं सोलायला सुरुवात केली. पहिला 'स' दिसला. तो तिचाच होता. खालच्या पायाचा बाक तिने अकरा वेळा बदलला होता. मग बाकीचं. 'सर्वेश रेडियम.' खाली बारीक, 'जोगेश्वरी पूर्व'.

सोलताना 'स' कागदावरून उचलला गेला आणि एकटाच तिच्या बोटाला चिकटून आला. मागून 'र्वे' आला, तोही सुटा. तिच्या फाईलमध्ये प्रत्येक अक्षर वेगळं असतं. शब्द मांडला की सगळ्या शिरोरेषा आधी एकमेकींत जोडून एकसंध कराव्या लागतात. नाहीतर पातं प्रत्येक सांध्यावर आडवं जातं आणि नाव तुकड्यातुकड्यांनी निघतं. सर्वेशला हे ठाऊक नव्हतं.

ठाऊक नव्हतं, रविवारपर्यंत. तेव्हा निघालेली प्रतही अशीच तुकड्यांनी आली असणार. काल संध्याकाळी चहा पिताना त्याने सहज विचारलं होतं, "ती शिरोरेषा जोडतेस ती कशी गं?" तिने खुर्ची ओढून त्याला शेजारी बसवलं, दोनदा करून दाखवलं. त्याने मोबाईलमध्ये टिपूनसुद्धा घेतलं. घरी गेल्यावर ती आईला म्हणाली होती, सर्वेशला आता कामाची गोडी लागलीय.

सव्वाअकराला तो केबलचा खोका घेऊन आला. कटरवरचा दिवा बघून हसला. "चालला? बघ, म्हटलं ना मी, केबलच..."

मग त्याला टेबलावरची त्याच्या नावाची सुटी अक्षरं दिसली.

"पंखा छान बदललाय," सुलक्षणा म्हणाली. "जुन्या धुळीसकट."

तो स्टुलावर बसला. "सांगणारच होतो तुला."

"कधी?"

"बोर्ड लागला की."

"बोर्ड तर तुटला."

"माझ्या जोगेश्वरीच्या मित्राच्या, शिवदासच्या भावाचा गाळा आहे गं. अचानक रिकामा झाला, मशीनसकट. हो-नाही एका दिवसात सांगायचं होतं. इथे एवढ्याशा जागेत दोघं किती दिवस..."

"गाळा घे. दहा गाळे घे. मी गाळ्याचं बोलतेय का?"

"मग?"

"अक्षरं घेतलीस ना तू."

"अगं, अक्षरं तुझीच आहेत. बोर्डाखाली तुझं नाव टाकणार होतो, आईशपथ."

"कुठल्या अक्षरांत?"

सर्वेशने केबलचा खोका या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाला, "विचारलं असतं तर दिली असतीस?"

"ते आता कळायचं नाही. तुलाही नाही आणि मलाही नाही." बोटाला चिकटलेला 'स' तिने टेबलाच्या कडेला पुसला. "काल मी तुला शेजारी बसवून शिकवलं. तेव्हा तरी सांगायचंस."

खोका त्याने टेबलावर ठेवला.

तिने 'सोनाई'च्या शिरोरेषा जोडल्या, नीट तपासल्या, पाठवलं. कटरने चार फूट कापलं. सोलल्यावर नाव अखंड राहिलं, एक मात्रासुद्धा हलली नाही. आता नाव अख्खं उचलून होडीवर लावता यावं म्हणून त्यावर पारदर्शक चिकट फिल्म बसवायची होती. ते काम दोघांचं. एकाने एक टोक ताणून धरायचं, दुसऱ्याने कापडाने दाबत जायचं. तीन वर्षं डावं टोक सर्वेशने धरलं होतं. आताही तो सवयीने उठला आणि डावीकडे जाऊन उभा राहिला.

"नको," ती म्हणाली.

"फुगे राहतील गं. एकटीला नाही जमणार."

सुलक्षणाने फिल्मचं डावं टोक टेबलावर टेकवलं, त्यावर नव्या केबलचा खोका वजन म्हणून ठेवला आणि उजवीकडून दाबायला सुरुवात केली.