घरची जुळवणी

वाजवून झालं की अंकल क्लेम गिटार खाली ठेवण्याआधी तिच्या सगळ्या तारा सैल करायचे. तारा टिकाव्यात म्हणून नव्हे, आपण त्या कशा लावल्या होत्या ते कुणाला कळू नये म्हणून. आमच्या बेटावरच्या जुन्या वादकांची ही रीतच. दुकानातून गिटार येते तशी इथे कुणी वाजवत नाही. काही तारा उतरवायच्या, कुठली किती ते ज्याच्या त्याच्या घरचं, आणि मग मोकळ्या तारांवर नुसता अंगठा फिरवला तरी गाणं सुरू झाल्यासारखं वाटतं. ही जुळवणी बापाकडून मुलाकडे जाते. एकवेळ शेजाऱ्याला जमीन देतील, जुळवणी देणार नाहीत. मला हा सगळा प्रकार पहिल्यापासून थोडा हास्यास्पद वाटत आला आहे, पण मला विचारतो कोण.

मी ग्लेन. बेटावरच्या हिलो या बंदराच्या गावात माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे वडिलांच्या मासळीच्या धंद्यातली शीतखोली. भिंती हातभर जाड, त्यामुळे बाहेरचा आवाज आत येत नाही. हवा ओली असली की भिंतींना अजून कुपा माशाचा वास सुटतो, पण टेपवर वास उमटत नसल्यामुळे माझं भागतं. एकच दोष आहे. वर पत्रा आहे, आणि हिलोत पाऊस फार. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की सगळ्यांनी हात आवरून बसायचं, दुसरा इलाज नाही.

त्या वर्षी अंकल क्लेम म्हणजे क्लेमेंट नाकोआ आणि आंटी मेली म्हणजे अर्मेलिंडा कब्राल माझ्याकडे एक अल्बम करत होते. बेटावरच्या जुन्या चाली, बारा. त्यांची गिटार आणि तिचा माणसाएवढा उभा बास, बाकी काही नाही. दोघांनी तीस वर्षं हॉटेलांतून, लग्नांतून, मयतांतून एकत्र वाजवलं होतं. त्यांचा नवराबायकोचा संबंध नव्हता. दोघांचेही जोडीदार केव्हाच वारले होते, आणि भांडणं मात्र या दोघांची संसारातल्यासारखी चालत.

"मेली, तू धावतेयस. मागे लागलंय का कुणी?"

"तू झोपतोयस. उठवत होते."

अकरा चाली तीन आठवड्यांत झाल्या. त्या सगळ्या नेहमीच्या जुळवणीत होत्या, शाळेतल्या पोरालाही येणाऱ्या. राहिली होती बारावी, 'लूकियाची वाट'. ती अंकलच्या वडिलांनी आपल्या बायकोवर, लूकियावर, बांधली होती आणि घरच्या जुळवणीशिवाय ती वाजत नाही. अंकलनी ती कधी टेप होऊ दिली नव्हती. कुणी टेपरेकॉर्डर काढला की ते चाल बदलायचे. एकदा एका पाहुण्या वादकाने गिटारीच्या खुंट्यांचे जवळून फोटो काढायला सुरुवात केली, तर अंकलनी सहाही तारा इतक्या सैल केल्या की त्या लोंबायला लागल्या. मग गिटार त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "घे, आता काढ."

या वेळी मात्र ते आपण होऊन तयार झाले होते. त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं, मेली त्यांना आणायची. ते मला मधूनच माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारायचे. एकुलती एक मुलगी लास वेगासला असते, तिने कधी गिटारीला हात लावला नाही.

"ही एवढी टेपवर राहू दे, ग्लेन," पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते. "आई राहिली पाहिजे. जुळवणी काय, माझ्याबरोबर जाईल."

"कव्हरवर प्रत्येक चालीची जुळवणी छापतात हल्ली, अंकल."

"बाराव्या चालीपुढे 'घरची' छाप. वाचणाऱ्याला कमी कळलं तर त्याला माझ्या घरी पाठव, मी त्यालाही काही सांगणार नाही."

बारावी टेप करायची ठरली तो बुधवार होता. अंकल आमच्याकडे पाठ करून बसले, नेहमीप्रमाणे चर्चमधलं एक स्तोत्र मोठ्याने गुणगुणत तारा लावू लागले. गुणगुणायचं ते तारांचा आवाज झाकायला. लावून झाल्यावर वळले आणि मान हलवली. मी टेप सुरू करायला हात पुढे केला आणि पत्र्यावर पाऊस कोसळला.

"झालं," मेली म्हणाली. "लूकियाला छत्री न्यायची सवयच नव्हती म्हणतात."

अंकल हसले. पाठ वळवली, तारा सैल केल्या आणि गिटार पेटीत ठेवली. पाऊस दोन तास चालला. आम्ही मेलीने घरून तळून आणलेले मालासादा, साखरेत घोळवलेले पावाचे गोळे, खाल्ले, साखर सगळ्या टेबलावर सांडली. अंकलनी त्यांच्या वडिलांच्या घोड्याची गोष्ट सांगितली आणि थोड्या वेळाने तीच पुन्हा सांगितली. आम्ही दोन्ही वेळा हसलो.

पाऊस थांबल्यावर ते पुन्हा पाठ करून बसले. स्तोत्र सुरू झालं. मग मधेच थांबलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, पुन्हा त्याच जागी थांबलं. एक तार चढली, उतरली, परत चढली. मी घड्याळाकडे बघायचं टाळत होतो. अर्धा तास गेला असेल.

"तुझ्या या खोलीत काहीतरी आहे," ते म्हणाले. "सूर धरत नाही."

"थोडा वेळ थांबू या का?"

"तू हात लावलास का रे खुंट्यांना?"

"नाही, अंकल."

"मग कोणी लावला?"

ते वळले. गिटार मांडीवर आडवी होती आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवलेले. चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"गेली," ते म्हणाले. "सकाळी होती. तुम्ही पाहिलीत ना, सकाळी होती."

मेली बास भिंतीला टेकवून मागच्या दाराने बाहेर गेली. मी तिच्या मागे गेलो. बर्फाच्या जुन्या पेट्यांपाशी ती उभी होती, चपला न घालता, चिखलात.

"ग्लेन, मला येते ती."

"काय येते?"

"काय म्हणजे? जुळवणी. सहाच्या सहा तारा."

"मग आत जा आणि सांगा की!"

"अक्कल गहाण टाकलीस का? काय सांगू? क्लेम, तीस वर्षं तू पाठ करून बसत होतास आणि मी मागे कान लावून उभी होते, असं सांगू?"

"ही काय चोरी झाली? तुम्ही शेजारीच होतात."

"ते तू मला सांग. त्याला सांगून बघ." तिने पदरासारखा खांद्यावर टाकलेला टॉवेल ओढून तोंड पुसलं. "मुद्दाम नाही रे केलं. बास वाजवणाऱ्याला खालची तार कळली नाही तर तो वाजवणार काय? आधी ती एक कळली. मग बाकीच्या, एकेका लग्नात एकेक. शेवटची इथल्या पुना भागातल्या एका मयतात कळली. रडायच्या ऐवजी मी मोजत होते."

मला हसू आलं, तिला नाही.

"त्याच्या बापाने सख्ख्या पुतण्याला दिली नाही. मी तर कब्राल, पोर्तुगीज. त्याला कळलं तर माझ्याशी बोलणं टाकेल. आणि मग तो बोलेल कुणाशी? आणि मी तरी कुणाशी बोलू?"

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर लूकिया आजच गेली," ती म्हणाली आणि पाय न धुताच आत गेली.

आत अंकल होते तसेच बसलेले. मेलीने बास उचलला, खांद्याशी घेतला.

"क्लेम, या ओलीने माझा बास उतरलाय. लावून घेते. तू बस निवांत."

"लाव."

तिने एक खोल सूर छेडला आणि तो विरेपर्यंत थांबली. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येकानंतर तेवढीच थांबली. बासला चार तारा असतात. मेलीने सहा सूर छेडले. खुंट्यांना तिने हातही लावला नाही. मी यंत्राशी बसून एक बटण उगाच पुढेमागे करत होतो.

सहा झाल्यावर ती पुन्हा पहिल्यावर आली. अंकल तिच्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. दुसऱ्या फेरीत त्यांचा डावा हात हलला. सगळ्यात जाड तार हळूहळू खाली उतरली आणि बासच्या सुरात मिसळली. या वेळी त्यांनी पाठ केली नव्हती आणि स्तोत्रही नव्हतं. दुसरी लागली. तिसरी, चौथी. मेलीने पाचवा सूर छेडला.

"थांब," अंकल म्हणाले.

मेलीचा हात तारेवरच राहिला.

"हा नाही. खाली घे."

तिने बोट किंचित सरकवलं.

"अजून. नखभर. हं, इथं."

"मला हा नेहमी वरच वाटला," मेली म्हणाली आणि आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं.

"बाबा हा थोडा पडकाच ठेवायचे," अंकल म्हणाले. "आई डोंगरावरून यायची ती दमलेली. घरात शिरायच्या आधी खालच्या पायरीवर टेकायची. हा सूर तिथे टेकतो. तुझा उभाच आहे."

मला बाहेर जायचं होतं, पण उठलो असतो तर खुर्ची कुरकुरली असती.

"किती वर्षं?" अंकलनी विचारलं.

मेली खोटं बोलली असती तर मी तिला दोष दिला नसता. "तीस," ती म्हणाली.

"तीस वर्षं चुकीची घेऊन फिरलीस."

"हो."

"मग विचारायचं नाही?"

"तुमच्यात विचारायचं असतं का?"

"नाही," अंकल म्हणाले. त्यांनी विचार केला. "विचारायचं नसतं." मग पाचवी तार तिच्या सुरात बसवली, अंगठ्याने तपासली, सहावी लावली. "पुन्हा वाजव. पहिल्यापासून. आणि आता नीट ऐक."

तिने सहा सूर पुन्हा वाजवले. त्यांनी तिला तीनदा वाजवायला लावलं. दुसऱ्या वेळी पाचवा सूर पुन्हा वर गेला तेव्हा तिला शिवी दिली, आपल्या पोरीला देतील तशी. आमच्याकडे शिकवणं म्हणतात ते एवढंच असतं, वडील याहून जास्त काही करत नाहीत. माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचा राग आला, कारण टेप सुरू करायची होती.

'लूकियाची वाट' एका दमात झाली. मधे एकदा अंकल नकळत गुणगुणले आहेत, ते मी काढलं नाही. पाचव्या तारेचा तो पडका सूर येतो तिथे मेली बास थांबवते. पूर्वी ती तिथे वाजवायची.

शेवटचा सूर विरल्यावर अंकल उठले. गिटार खुर्चीवर ठेवली. हात सवयीने खुंट्यांकडे गेला, तिथे जरा थांबला आणि परत आला.

"भूक लागली," ते म्हणाले. "मालासादा उरलाय का एखादा?"

"डब्यात दोन आहेत. दोन्ही खाऊ नकोस."

ते मागच्या दाराने बाहेर गेले. गिटार लावलेली तशीच खुर्चीवर होती. इतक्या वर्षांत मी असं कधी पाहिलं नव्हतं. मेलीने बास ठेवला, खुर्चीजवळ गेली, गिटार उचलली.

"ग्लेन, तिकडे तोंड कर."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथे?"

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे खुंट्या कुरकुरल्या, एकामागून एक, सहा वेळा. मग पेटीचं झाकण मिटल्याचा आवाज आला.

"झालं, वळ आता." ती पेटी हातात घेऊन उभी होती. "आणि मला सांग, आज दिवसभर तू काय ऐकलंस?"

"पाऊस," मी म्हणालो.

"फारच होता आज," मेली म्हणाली आणि अंकल दोन्ही मालासादा संपवायच्या आत पोचायला बाहेर गेली.