मळणीच्या चित्रातली एल्ना

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या एका लहानशा गावच्या टपाल कचेरीतले भित्तिचित्र आहे. पोस्टमास्तरांच्या खोलीच्या दाराच्या वर, भिंतीवर, उंच माणसाचाही हात पोचणार नाही अशा जागी मी चिकटलेले आहे. मंदीच्या दिवसांत कुणालाच काम नव्हते, तेव्हा सरकारने चित्रकारांनाही कामाला लावले. त्यांतल्याच रूथ केस्लर या बाईंनी मला रंगवले.

माझ्यात गव्हाची मळणी चालली आहे. डावा कोपरा रिकामा वाटत होता, म्हणून रूथबाईंनी तिथे गावातल्या एल्ना सोरेन्सन या लहान मुलीला बसवले. हातात पाव, आणि अगदी पाठीशी मळणीयंत्र फिरवणारा, कपडा सापडला तर माणसालाही ओढून नेणारा लांब पट्टा. राजधानीतल्या साहेबांनी कच्चे चित्र पसंत केले, गावानेही कौतुक केले. एल्ना तर येणाऱ्याजाणाऱ्याला बोट दाखवून सांगे, ती मी.

तिची आई मार्ता मात्र तिकिटे घ्यायला येई आणि त्या पट्ट्याकडेच बघत राही. पोस्टमास्तर चिडवीत, "अहो मिसेस सोरेन्सन, चित्रातलं यंत्र आहे ते. कोण सुरू करणार?"

पुढे शेतावर मळणी लागली, त्या दिवशी पोर दिसेना. सापडली ती फिरत्या पट्ट्याला पाठ करून, हातात पाव घेऊन, चित्रातल्यासारखी ऐटीत बसलेली. झग्याची कड पट्ट्यापासून वीतभर लांब.

अंगावरचा भुसाही न झटकता मार्ता कचेरीत आली. शेवटचा हात फिरवायला रूथबाई अजून गावातच होत्या.

"तिला तिथून उठवा," मार्ता एवढेच म्हणाली.

मंजूर चित्र बदलायचे तर राजधानीची परवानगी लागे. रूथबाईंनी ती मागितलीच नाही. शिडी लावली आणि एल्नावर गव्हाच्या पेंढ्या रंगवल्या.

नंतर माझ्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. धूर बसला, एका कडेला भोक पाडून कचेरी गरम ठेवणारा वाफेचा नळ गेला. हे चालायचेच. खूप वर्षांनी मला साफ करायला तज्ज्ञ आले. पेंढ्यांखाली त्यांना चेहरा दिसला आणि मूळ चित्र उघडे करायचे ठरले. म्हातारी एल्ना हरखेल म्हणून तिला मुद्दाम बोलावले.

तिने बराच वेळ वर पाहिले.

"पेंढ्या असू द्या," ती म्हणाली. "आईने उठवलंय मला तिथून. तुम्ही परत नका बसवू."

त्यांनी रंग उतरवायच्या औषधाच्या बाटलीला बूच लावले.

मित्रांनो, जुन्या चित्रांवरची धूळ जरूर काढा. पण काही खरवडण्याआधी, तो थर कुणी आणि कशासाठी दिला, एवढे गावात विचारून घ्या.